लग्नाचं बजेट: कागदावर न आलेले खर्च आधीच कसे पकडायचे

लग्न ठरलं की पहिल्याच आठवड्यात घरात एक कागद तयार होतो. हॉल इतका, जेवण इतकं, दागिने, कपडे, फोटो, आणि सगळ्यात खाली "किरकोळ ५० हजार". मग लग्न पार पडतं, हिशोब होतो आणि कळतं की हॉल आणि दागिने साधारण ठरवल्याप्रमाणेच झाले, पण त्या किरकोळनं अडीच-तीन लाख खाल्ले. हे इतक्या घरांत होतं की आता सरळ क्रमानं लिहून काढतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण बजेटमध्ये वस्तूंची नावं लिहितो, पण पैसे जातात ते तासांवर, डोक्यांवर आणि दिवसांवर. हॉल किती तास, ताट किती डोक्यांना, पाहुणे किती दिवस राहणार, हे लिहिलंत की लपलेले खर्च आपोआप वर येतात. खाली उदाहरणादाखल रेट दिलेत ते फक्त हिशोब समजायला आहेत, तुमच्या गावचे रेट तुम्हीच भरायचे.

## सुरुवातीची तयारी

एक वही घ्या नाहीतर मोबाईलवर शीट बनवा, पण घरातल्या निदान दोघांना ती उघडता आली पाहिजे. प्रत्येक खर्चापुढे सहा रकाने: ठरलेला रेट, त्यावरचा कर, जादा काय लागू शकतं, ॲडव्हान्स किती दिला, बाकी कधी द्यायची, आणि पैसे कोण देणार. हा शेवटचा रकाना लोक हमखास सोडतात आणि भांडणं बरोबर तिथेच होतात.

कर वेगळा लिहा म्हणतोय कारण रेट सांगताना जवळपास सगळेच कर सोडून सांगतात. कार्यालयाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी, केटरिंगवर बहुतेक ठिकाणी ५ टक्के आणि महागड्या हॉटेलात १८, सोन्यावर ३ टक्के. हॉल आणि जेवण एकाच पॅकेजमध्ये असेल तर कर कशावर आणि किती लावणार ते बुकिंगच्या आधी विचारायचं, बिल हातात आल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

## १. आधी माणसं, मग तारीख, मग हॉल

सगळ्यात मोठी चूक क्रमाची होते. मुहूर्त मिळाला की लोक धावत जाऊन हॉल बुक करतात आणि मग यादी करायला बसतात, यादी ६०० ची निघते, हॉल ४०० चा असतो, मग एक्स्ट्रा मांडव, एक्स्ट्रा खुर्च्या, दुसरी पंगत, आणि दुसरी पंगत म्हणजे हॉलचा जादा तास.

म्हणून आधी यादी. आणि यादीत "जोशी कुटुंब" असं लिहू नका, जोशींकडून किती डोकी येणार ते लिहा. तीन भाग करा: नक्की येणारे, बहुतेक येणारे, पत्रिका द्यायला हवी पण येणार नाहीत असे. त्याच्या बाजूला आणखी एक खूण, मुक्कामी राहणारे कोण. बाहेरगावचे ४० लोक दोन रात्री राहणार असतील तर तो खोल्या, गाद्या, नाश्ता, चहा आणि गाड्यांचा मिळून मोठा खर्च आहे, आणि बहुतेक बजेटमध्ये तो नसतोच.

तारखेचंही तसंच. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो आणि दाट मुहूर्ताच्या दिवशी, त्यातही शनिवार-रविवार आला तर, हॉलपासून फेटेवाल्यापर्यंत सगळ्यांचे रेट चढतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे त्याच्या आधीच्या तारखांवर गर्दी होणार हे उघड आहे. आठवड्यातला मधला वार चालत असेल तर घरच्यांना तसं स्पष्ट विचारा, एकाच कार्यालयाचा रेट वारानुसार बदलतो आणि घासाघीस करायलाही जागा मिळते.

तपासा: यादीतली डोकी आणि हॉलची बसण्याची क्षमता जुळतेय का? हॉलवाले सांगतात ती क्षमता बरेचदा खुर्च्यांची असते, जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी किती पानं बसतात हे वेगळं विचारा.

## २. कार्यक्रम दिवसाप्रमाणे लिहा

"लग्न" ही एक ओळ नाहीये. साखरपुडा, केळवणं, मुहूर्तमेढ, ग्रहमख, मेंदी, हळद, संगीत, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, गृहप्रवेश, सत्यनारायण, काही घरांत गोंधळ आणि कुलदैवताचं दर्शन. तुमच्याकडे यातलं जे जे होणार त्याला वेगळी ओळ द्या, आणि प्रत्येक ओळीखाली पाच प्रश्न: जागा कुठली, खायला काय, किती माणसं, कपडे कुठले, फोटो हवेत का.

हे केलंत की हळद नावाचा खर्च एकदम डोळ्यासमोर येतो. "घरच्या घरी हळद" म्हणून सुरुवात होते आणि मग पिवळे कपडे, फुलांचे दागिने, छोटा मांडव, बॅकड्रॉप, ढोलकीवाले किंवा डीजे, सव्वाशे लोकांचं जेवण, सोसायटीच्या टेरेसचं भाडं. करायला काहीच हरकत नाही, हौस असते आणि असावीच, फक्त तो खर्च वहीत आधी आला पाहिजे.

धार्मिक विधींचं साहित्यही इथेच लिहा. गुरुजींशी बोलताना दक्षिणेत साहित्य धरलंय का, सोबत किती गुरुजी येणार, ग्रहमखाचं आणि लग्नाचं वेगळं की एकत्र, हे विचारा आणि साहित्याची यादी निदान आठ दिवस आधी मागून घ्या. आदल्या रात्री यादी हातात आली की मिळेल त्या भावात घ्यावं लागतं.

## ३. व्याह्यांबरोबर एकदा नीट बसा

"अर्धा-अर्धा करू" हे बोलायला सोपं आहे पण अर्धं कशाचं? हॉल आणि जेवण फक्त, की डेकोरेशन, फोटो, बँड पण? ताटं तुमची ३५० आणि त्यांची १५० असतील तर तरीही अर्धं? साखरपुड्याचा खर्च कोणाचा? वऱ्हाडाच्या जानोशाच्या, म्हणजे उतरायच्या, खोल्या कोणाच्या?

हे सगळं मोठ्या माणसांच्या समोर, शांतपणे, चहा घेत एकदाच बोलून घ्या आणि ठरलेलं दोन्ही घरांना व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. कोणाला वाईट वाटत नाही, उलट दोन्हीकडचे सुटकेचा श्वास घेतात.

मानपानाची यादी याच बैठकीत. कोणाला साडी, कोणाला शर्टपीस, कोणाला फक्त ओटी आणि नारळ. आतेसासू, मामेसासू, करवल्या, पाठराखीण, कानपिळीचा मान घेणारा नवरीचा भाऊ, विहिणीची ओटी, व्याहीभेट, सूनमुख, सगळी नावं लिहा. दोन्ही घरांनी मिळून "साड्यांची देवाणघेवाण नको, फक्त जवळच्या दहा जणांना" असं ठरवलं तर एका दमात मोठा खर्च कमी होतो. मी तर म्हणेन हे ठरवाच, कारण त्या साड्या पुढच्या लग्नात तशाच घडी न मोडता फिरत राहतात.

सावधान: मानपानाच्या नावाखाली गाडी, रोख, फर्निचर अशी मागणी यायला लागली तर तो बजेटचा विषय राहत नाही. १९६१ च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. तिथेच थांबून विचार करा.

## ४. कार्यालय बुक करताना

इथे सगळ्यात जास्त पैसे लपलेले असतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न वेळेचा. "एक दिवस" म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? बऱ्याच ठिकाणी सकाळचं लग्न आणि संध्याकाळचं रिसेप्शन वेगळ्या पार्टीला दिलेलं असतं, म्हणजे चार-पाच वाजता हॉल रिकामा करावाच लागतो. डेकोरेशनवाल्याला आत कधी सोडणार? आदल्या रात्री सोडणार असतील तर त्याचे वेगळे पैसे आहेत का?

दुसरा प्रश्न बाहेरच्या माणसांचा. बाहेरचा केटरर, बाहेरचा डेकोरेटर, बाहेरचा साऊंडवाला आणला तर अनेक कार्यालयं त्यावर रॉयल्टी घेतात. तुम्ही स्वस्तातला केटरर शोधता आणि वाचलेले पैसे रॉयल्टीत जातात.

मग बाकीचं: वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, एसीचे वेगळे का, जनरेटर तासाला किती, साफसफाई, भांडी, गॅस सिलिंडर, पिण्याचं पाणी, खोल्या किती, पार्किंगला माणूस कोणाचा.

आता उदाहरण घ्या. समजा भाडं १ लाख. त्यावर जीएसटी १८,०००. मीटरप्रमाणे वीज १२,०००, साफसफाई ५,०००, जनरेटर दोन तास ३,०००, आणि पंगत लांबली म्हणून दोन तास जादा, तासाला ५,००० प्रमाणे १०,०००. झाले १ लाख ४८ हजार. कोणी फसवलं नाही, सगळं नियमपत्रकात लिहिलेलं होतं, वाचलं नव्हतं इतकंच. वर डिपॉझिट अडकलेलं असतं ते वेगळं. ते परत येतं, पण लग्नाच्या आठवड्यात ते पैसे हातात नसतात म्हणून तेही वहीत हवं.

लॉन असेल तर अजून दोन गोष्टी. अवकाळी पाऊस आला तर छत आहे का आणि त्याचे पैसे कोण देणार, आणि उन्हाळ्यात कूलर, पंखे कोणाचे.

तपासा: तारीख बदलली किंवा रद्द झाली तर किती पैसे परत मिळणार? हे पावतीवर लेखी हवं. घरात कोणाचं आजारपण किंवा सुतक आलं तर तारीख पुढे ढकलायची वेळ येतेच, तेव्हा तोंडी बोलणं कामाला येत नाही.

## ५. जेवणाचा हिशोब

ताटाचा रेट गुणिले माणसं, एवढ्यावर थांबू नका. केटरर किमान ताटांची हमी मागतो. तुम्ही ५०० ची हमी दिली आणि ४३० आले तरी पैसे ५०० चेच, ५६० आले तर वरच्या ६० चे वेगळे, कधी कधी चढ्या रेटनं. म्हणून हमी नेहमी नक्की येणाऱ्यांच्या आकड्याजवळ द्या आणि वर किती ताटांपर्यंत तोच रेट राहील ते लिहून घ्या.

दुसरं, कामाची माणसं. बँडवाले, फोटोवाले, मांडववाले, मेकअपवाली आणि तिची मदतनीस, बसचे ड्रायव्हर, सगळे तिथेच जेवतात आणि जेवलेच पाहिजेत. मोठ्या लग्नात ही सहज ४० ताटं होतात.

बघा कसं वाढतं: ५०० ताटं ४५० रुपयांनी २,२५,०००. कामाच्या माणसांची ४० ताटं १८,०००. सकाळचा नाश्ता २०० जणांना ८० रुपयांनी १६,०००. हळदीच्या रात्रीचं जेवण १२० जणांना ३०० रुपयांनी ३६,०००. बेरीज २,९५,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी १४,७५०, एकूण ३,०९,७५०. कागदावर मात्र "जेवण सव्वादोन लाख" लिहिलेलं होतं.

पंगत की बुफे हे ठरवताना वाढप्यांचे पैसे रेटमध्ये आहेत का विचारा. वेलकम ड्रिंक, चाट काउंटर, आईस्क्रीम, पान आणि पाण्याच्या बाटल्या बरेचदा वेगळ्या धरतात, आणि पाण्याच्या बाटल्यांचा आकडा उन्हाळ्यात खरंच मोठा येतो.

सावधान: ताटं मोजायला आपला एक माणूस ठेवा, लग्नात नाचण्याची हौस नसलेला कोणी काका किंवा मोठा भाऊ चालेल. जेवण सुरू व्हायच्या आधी केटररची ताटं मोजून घ्यायची, संपल्यावर उरलेली मोजायची, आणि आकडा तिथल्या तिथे दोघांनी सही करून लिहायचा. दुसऱ्या दिवशी मोजणीवर वाद घालून काहीच हाती लागत नाही.

## ६. सोनं

पेपरमध्ये जो भाव दिसतो तो बरेचदा २४ कॅरेटचा असतो आणि दागिने आपण २२ चे करतो, त्यामुळे आधी भाव कुठला ते बघा. मग घडणावळ. समजा घडणावळ १२ टक्के, आणि त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे सोन्याच्या किमतीच्या वर १५ टक्क्यांहून थोडे जास्तच जातात. खड्यांचं आणि मोत्यांचं वजन सोन्याच्या वजनातून वजा केलंय का ते बिलावर दिसलं पाहिजे.

जुनं सोनं मोडून नवीन करणार असाल तर घट किती धरणार हे दोन-तीन पेढ्यांवर विचारा, फरक पडतो. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो, दुकानातून बाहेर पडायच्या आधीच बघा.

भाव चढत असेल तर थोडं थोडं घेत जा किंवा बुकिंग करा, पण बुकिंगमध्ये भाव उतरला तर फायदा कोणाला हे वाचल्याशिवाय सही नको.

## ७. कपडे, मेकअप, फोटो

साडीची किंमत लिहिता तिथेच फॉल-पिको, ब्लाउजची शिलाई, आरी वर्क, मॅचिंग परकर, दागिने, चप्पल लिहा. नऊवारी शिवून घेणार तर शिलाई वेगळी. नवऱ्या मुलाची शेरवानी भाड्यानं असेल तर डिपॉझिट आणि डाग पडला तर दंड किती ते विचारा. फेटे बांधणारा नगावर पैसे घेतो, "सगळ्या मित्रांना फेटे" म्हणताना मित्र मोजा.

मेकअपमध्ये ट्रायलचे पैसे, दुसऱ्या लुकचे, साडी नेसवण्याचे, करवल्यांचे आणि बाहेरगावी यायचं असेल तर प्रवासाचे, सगळे वेगळे असू शकतात.

फोटोवाल्याला विचारा: किती कॅमेरे, किती तास, अल्बमची किती पानं रेटमध्ये, पुढच्या पानाचे किती, ड्रोन आणि एलईडी स्क्रीन धरलीय का, हार्ड डिस्क कोणी आणायची. प्री-वेडिंग शूटला त्या जागेची फी, गाडी, कपडे आणि दिवसभराचं खाणं आपल्या खिशातून जातं.

## ८. गाड्या आणि वरात

वऱ्हाडाच्या बसचा रेट ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्र थांबली तर त्याचे पैसे यात आहेत का विचारा. पाहुणे रेल्वेनं येणार असतील तर रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, त्या तारखेचा रिमाइंडर लावा, नाहीतर ऐन वेळी खाजगी बस किंवा विमानाचा खर्च अंगावर येतो.

वरातीची पोलीस परवानगी कोण काढणार हे बँडवाल्याला सुपारी देतानाच ठरवा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद असतो, वरात उशिरा सुरू झाली तर पैसे पूर्ण जातात आणि नाच अर्धाच होतो.

काही हॉटेलं संगीताच्या लायसन्सचे वेगळे पैसे मागतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे, आणि २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्यानं तशी जाहीर सूचनाही काढली होती. त्यामुळे बुकिंगच्या वेळीच ही ओळ बिलात का आहे ते विचारा.

## ९. पाकिटं

लग्नाच्या दिवशी हातानं जाणारी रोख हा वेगळा खर्च आहे. बँडवाले, घोडेवाला, वाढपी, वॉचमन, सफाईवाल्या मावशी, ड्रायव्हर, करवल्या, बूट लपवणाऱ्या मेव्हण्या, गुरुजींच्या मधल्या मधल्या दक्षिणा. प्रत्येकाचं पाकीट आदल्या दिवशी भरून वर नाव लिहा, सुट्ट्या नोटांची एक वेगळी थैली करा, आणि सगळं एकाच माणसाच्या ताब्यात द्या, मामा असला तर उत्तम. आईबाबांकडे देऊ नका, ते विधीला बसलेले असतात.

मोठी बिलं रोखीत देताना एक लक्षात ठेवा, एका समारंभासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही. चेक किंवा ट्रान्सफर करा, पुरावाही राहतो.

सावधान: आहेरात येणारे पैसे बजेटमध्ये जमेला धरू नका. किती येतील माहीत नसतं, आणि पत्रिकेत "आहेर आणू नये" छापलं असेल तर प्रश्नच मिटला.

## १०. राखीव रक्कम आणि नंतरचं वर्ष

सगळ्या ओळी भरून झाल्यावर जी बेरीज येईल तिच्या १५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवा. ते पैसे कुठल्याच हौसेला वापरायचे नाहीत, दुसऱ्या साडीला नाही, मोठ्या स्टेजला नाही. लग्नाच्या आठवड्यातच त्याला हात लावायचा. १५ टक्के बाजूला काढून बजेट बसत नसेल तर आत्ताच यादी कमी करा, कारण ५० माणसं कमी केली की ताटं, खुर्च्या, पत्रिका, नाश्ता, सगळं एकदम खाली येतं. फुलं कमी करून इतका फरक पडत नाही.

नवीन संसाराचं पहिलं वर्षही लिहा: सत्यनारायण, कुलदैवत, मंगळागौर, दिवाळसण, पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने, आणि अधिक महिना आला तर जावयाला ३३ अनारशांचं वाण. हे खर्च लग्नाच्या कर्जाचे हप्ते सुरू असताना येतात, म्हणून ते इथेच धरायचे.

लग्नानंतर तीन कामं उरतात. विवाह नोंदणी ९० दिवसांच्या आत करा, त्यानंतर उशिराची फी आणि जादा खेपा लागतात, आणि त्यासाठी गुरुजींची सही व साक्षीदारांची कागदपत्रं लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवली तर बरं. कार्यालयाचं डिपॉझिट कापलं असेल तर कशाचं कापलं ते लेखी मागा. आणि फोटोवाल्याची शेवटची रक्कम अल्बम आणि सगळे मूळ फोटो हातात आल्यावरच द्या.